मुक्या खोऱ्याला दिलेली ओ

११ ऑगस्ट, रविवार. ईट

बदलीची ऑर्डर घेऊन परक्या गावात उतरलेल्या, एका माणसापुरता भात लावणाऱ्या, भाड्याच्या खोलीत स्वतःशीच बोलणाऱ्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

तुमचं आणि माझं गाऱ्हाणं एकच आहे. पगार होतो, लोक नमस्कार करतात, पण आपल्याला नावानं हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. आपण 'सर' असतो, 'मॅडम' असतो, नाहीतर 'वरच्या खोलीतल्या बाई'. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव आधार कार्डावर पडून असतं.

रोजनिशीचं पहिलंच पान आणि मी भाषण ठोकायला लागले. हसू नका. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेपासून आजपर्यंत मी जो काही विचार केला तो उभं राहून, समोर माणसं बसलेली असताना केला. या खोलीत माणसं नाहीत, म्हणून तुम्हाला मनानंच बोलावून सतरंजीवर बसवलं आहे. जरा पुढं सरका, मागं अजून जागा लागेल.

तर आजची बातमी चांगली आहे. हे ईट गाव मला आवडलं. धाराशिवहून निघालेली एसटी तेरखेड्याला थांबली तेव्हा खिडकीतून फटाक्यांच्या दुकानांच्या पाट्या दिसल्या, आणि पुढं डोंगर जवळ आले ते चक्क हिरवेगार. मी जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाची, लोहारा तालुक्यातल्या सास्तूरची. आमच्याकडं काळी मोकळी जमीन, नजर जाईल तिथवर. आपल्याच जिल्ह्यात एवढी झाडी असेल हे मला ठाऊक नव्हतं. पुस्तकं इतकी वाचली, आपला जिल्हा तेवढा वाचायचा राहिला.

खोली मथुराबाईंच्या घरावर आहे. खाली त्यांची खव्याची भट्टी. दिवसभर दूध आटत असतं आणि जिन्यात त्याचा गोडसर, थोडा करपलेला वास भरून राहतो. मथुराबाई सत्तरीच्या, काटक, एकट्या. माझ्याकडं आणि माझ्या पुस्तकांच्या खोक्यांकडं पाहून त्यांनी विचारलं, एकल्याच का, बाई. मी हो म्हटल्यावर त्यांनी गरम खव्यात साखर घालून वाटी हातात दिली आणि म्हणाल्या की मग जेवायला खालीच येत जा, एकल्या माणसाला भूक लागत नाही. नाव त्यांनी विचारलं नाही.

१५ ऑगस्ट, गुरुवार

आज बोलले. ज्युनिअर कॉलेजच्या मैदानावर झेंडावंदन झालं, प्राचार्यांनी नव्या मराठीच्या मॅडमना दोन शब्द बोलायला सांगितलं आणि नेमका माईक बंद पडला. माझं भाग्य. मी माईक बाजूला सारला आणि शेवटच्या रांगेतल्या शिपायापर्यंत आवाज नेला. 'तोंड उघडा,' अशी सुरुवात केली. 'मिटलेल्या तोंडाचं दुखणं कुणाला कळत नाही. अन्याय झाला तर बोला, शंका आली तर विचारा, भीती वाटली तर ओरडा, पण गप्प बसू नका.' पोरं आधी दचकली, मग टाळ्या थांबेनात. बारावीतली शिवांजली नावाची मुलगी, दोन वेण्यांची, पहिल्या बाकावरची, नंतर माझ्यामागं वर्गापर्यंत आली. सगळं भाषण तिला पाठ झालं होतं. हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवलं. मला लाजल्यासारखं झालं आणि फार बरं वाटलं.

स्टाफरूममध्ये भूगोलाचे शिवशरण सर म्हणाले की मॅडम थेट तेरखेड्याचा माल दिसतात, वात पेटवायचीही गरज नाही. दुपारपर्यंत माझं नावच 'तेरखेडा' पडलं. असो. कशानं का होईना, हाक मारतायत.

चहा घेताना पावसाळी सहलीचं ठरलं. रविवारी मुकं खोरं. डोंगरात आत एक खोल दरी आहे, तिथं इतकं घनदाट रान आहे की भर दुपारी उजेड कमी पडतो. वनखात्यानं पायवाट बांधून त्याचं उद्यान केलंय, पण फारसं कुणी जात नाही. एक नियम मात्र आहे, शिवशरण सरांनी आधीच सांगून ठेवला. खोऱ्यात उतरताना पळसाचं एकेक पान ओठांत धरायचं आणि बाहेर येईपर्यंत सोडायचं नाही. बोलायचं नाही. कुणाचं नाव तर घ्यायचंच नाही.

मी विचारलं, का. ते म्हणाले, पूर्वीपासून आहे.

माझं डोकं फिरलं. भूगोल शिकवणारा माणूस. त्यांना जे बोलले ते इथं पुन्हा लिहीत नाही. पण एक गोष्ट मी तिथं सांगितली नाही, ती तुम्हाला सांगते. भूकंप झाला तेव्हा मी लहान होते. सास्तूरमधलं आमचं माळवद खाली आलं आणि मी मातीखाली होते. वरून आई हाका मारत होती. नंदे, ओ दे. नंदे, ओ दे गं. मी ओ दिली. त्या आवाजाच्या दिशेनं तिनं नखांनी दगड उपसले. ज्या घरातून ओ आली नाही तिथं लोक थांबले नाहीत, पुढं गेले. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच कायदा होता. हाक आली की आधी ओ, बाकीचं नंतर. आंघोळीत असा, अभ्यासात असा, रुसलेले असा, ओ द्यायची. आई गेल्या हिवाळ्यात गेली. 'नंदे' म्हणणारं ते एकच माणूस होतं.

आणि हे मला सांगतात की तोंडात पान धरा.

१८ ऑगस्ट, रविवार

पाय दुखतायत, पण आजचा दिवस नीट लिहिलाच पाहिजे.

सकाळी जीपनं निघालो. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदे आणि मथुराबाईंनी दिलेला खव्याचा डबा. मुक्या खोऱ्याला जातोय हे ऐकून त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग डब्यावर एक पळसाचं पान ठेवलं.

माळ संपतो तिथं वनखात्याची कमान आहे. तिथून वाट खाली उतरते आणि जग बदलतं. वर बोरी-बाभळी, खाली धावडा, सालई, बांबूची बेटं, आणि त्यांना गुंडाळून वर गेलेल्या माझ्या दंडाएवढ्या वेली. खडकांवर शेवाळ, शेवाळावर नेचे. पाऊस नव्हता तरी पानांतून पाणी ठिबकत होतं. ढग दरीत उतरले होते, दहा पावलांवरचा माणूस धूसर दिसायचा. मराठवाडा म्हणजे दुष्काळ असं ज्यांनी छापून ठेवलंय त्यांना इथं आणून उभं केलं पाहिजे.

कमानीपाशी सगळ्यांनी पानं तोंडात धरली. प्राचार्यांनीसुद्धा. मी माझं पान कानामागं खोचलं. शिवशरण सरांनी हात जोडले, मी हसले.

मग आम्ही चाललो. सहा माणसं, एकामागं एक, आणि कुणी बोलत नाही. सुरुवातीला गंमत वाटली. मी एकटीच बोलत होते, झाडांची नावं विचारत होते, माझ्या प्रश्नांना मानेनं उत्तरं मिळत होती. हळूहळू माझंही बोलणं कमी झालं. भाकरीसुद्धा मुक्यानं खाल्ली. घास घेताना पान एका हातात, घास गिळला की परत ओठांत. माझ्या खोलीत मी एकटी असते, पण तिथं निदान दुसरं कुणी नसतं. पाच माणसांच्या मधोमध बसून एकटं खाणं मी पहिल्यांदा खाल्लं.

ओढा ओलांडला की वाट चढून एका कड्यावर येते. तिथं लोखंडी कठडा होता, तो कधीतरी निखळून खाली गेलाय. खाली ढगच ढग. समोरची डोंगराची भिंत दिसत नव्हती, पण ती आहे हे कळत होतं. मी पुढं झाले. तुमच्यापासून काय लपवायचं, तो काही वैज्ञानिक प्रयोग नव्हता. मला कुणाचा तरी आवाज हवा होता. मी छाती भरून घेतली आणि माझंच नाव घेऊन ओरडले.

'नंदा!'

समोरून आलं, नंदा. स्वच्छ, खणखणीत. शिवशरण सरांच्या ओठांतलं पान गळून पडलं. मी त्यांना म्हटलं, याला प्रतिध्वनी म्हणतात सर, तुमच्याच विषयाच्या शेजारचा विषय आहे. आणि पुन्हा ओरडले.

या वेळी उशीर झाला. इतका, की मी वळले होते. मग आलं.

ते 'नंदा' नव्हतं. शेवटचा स्वर वेगळा होता. अंतरामुळं, ढगांमुळं आवाज बदलतो. नक्कीच बदलत असेल.

कमानीबाहेर आल्यावर बाकीच्यांनी ओठांतली पानं टाकली. जीपमध्ये बसताना शिवशरण सर खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतं ना, तर आम्ही तुम्हाला तिथंच धरून मारलं असतं. तुम्ही स्वतःचं घेतलं. आता काय बोलावं?"

'नंदे' असं ऐकू आलं होतं. लिहून टाकते.

१९ ऑगस्ट

मथुराबाईंना कळलंय. इथं सगळ्यांना सगळं कळतं. जेवायला खाली गेले तर त्यांनी भट्टीचा जाळ कमी केला आणि समोर बसल्या.

त्यांचे मालक धोंडीबा; नाव मी दारावरच्या पाटीवर वाचलेलं, त्या नुसतं 'मालक' म्हणत होत्या. भजनात त्यांचा आवाज असा की दोन वाड्या पलीकडं ऐकू जायचा. त्या आवाजाच्याच घमेंडीत पैजेला त्यांनी खोऱ्यात स्वतःचं नाव घेतलं. त्यानंतर त्यांना हाका येऊ लागल्या, घरात, शेतात, दिवसाढवळ्या. त्यांनी एकदा ओ दिली. मग आवाज बसायला लागला आणि एक दिवस गेलाच. गडीमाणसं म्हणू लागली की खोऱ्यात भजन ऐकू येतं. धोंडीबा ते ऐकायला गेले आणि परतले नाहीत.

गाव शोधायला गेला. सगळे धोंडीबा, धोंडीबा म्हणून हाका मारत होते, आणि दर हाकेला त्यांच्याच आवाजात ओ येत होती. या उतारावरून, त्या झाडीतून, कड्याच्या पलीकडून. लोक आवाजामागं पळत होते. एक जण कड्यावरून खाली गेला.

मी विचारलं, मग पुढं काय झालं. तेव्हा त्या हसल्यासारख्या झाल्या.

"म्या त्येंचं नाव कधी घेतलं न्हाय. बायको कुठं नवऱ्याचं नाव घेती व्हय? समदे बोंबलत हिंडत हुते, म्या गपगुमान हिंडले. म्हणून मलाच घावले. बांबूच्या बेटाखाली बसल्याले. तोंड उघडं, आवाज न्हाय. हाताला धरून आणले."

पुढं बारा वर्षं जगले, एक शब्द न बोलता. आणि त्यांचं भजन अजून खोऱ्यात चालू आहे. पावसाळ्यात ऐकू येतं म्हणतात. मथुराबाई ऐकायला कधी गेल्या नाहीत. वाटतं जावं, एवढं म्हणून त्यांनी जाळ पुन्हा वाढवला. मग मला म्हणाल्या, हाक आली तर ओ देऊ नका, बाई. काय वाट्टेल ते होवो, ओ देऊ नका.

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं असेल. माणसाच्या दुःखाशी वाद घालू नये. पण वर येऊन स्वतःला बजावलं: घशाचे विकार असतात, धक्का असतो, अफवा असतात.

२० ऑगस्ट

दुपारची सुट्टी. स्टाफरूममध्ये एकटी वह्या तपासत होते. व्हरांड्यातून हाक आली. नंदे.

आई 'न'वर जोर द्यायची आणि 'दे' सोडून द्यायची. अगदी तसंच.

ओठांपर्यंत आलेली ओ मी हातानं दाबली. खरोखर हातानं. बाहेर जाऊन पाहिलं. उन्हात सायकली उभ्या होत्या.

२१ ऑगस्ट

आज खोलीत. जिन्याखालून. मथुराबाई खवा घेऊन भूमच्या बाजाराला गेल्या होत्या, खाली कुलूप.

मला भीती वाटायला हवी होती. तुम्ही एकटे राहता म्हणून तुम्हालाच सांगू शकते. मी जिन्यावर बसले आणि पुन्हा येईल म्हणून वाट पाहिली. आणखी एकदा आली. मी ओ दिली नाही. दोन्ही हातांनी तोंड धरून, रडत, ऐकत राहिले.

किती दिवसांनी कुणी हाक मारली.

२२ ऑगस्ट

दिली.

झोपेत होते. दुपारी कॉलेजातून येऊन पडले होते, बाहेर बारीक पाऊस. नंदे, ओ दे. नंदे, ओ दे गं. आणि मी मातीखाली होते, तोंडात माती होती, आणि डोळे उघडायच्या आत माझ्या तोंडून गेली. ओ. मोठ्यानं. लहानपणी द्यायची तशी.

जागी झाले तेव्हा सगळं शांत होतं. पुन्हा हाक आली नाही. अजून आलेली नाही.

इतकं शांत कधी वाटलं नव्हतं.

२३ ऑगस्ट

बारावीच्या वर्गावर. शिवांजली उभी राहिली आणि म्हणाली की मॅडम, ऐकू येत न्हाय. पहिल्या बाकावरची मुलगी. मी आवाज चढवला. घशात जोर लागत होता, शिरा ताणल्या जात होत्या, पण आवाज माझ्या ओठांपलीकडं जात नव्हता. मागच्या पोरांना वाटलं मी गंमत करतेय. हसली. मग हसायची थांबली.

फळ्यावर लिहून तास संपवला.

२४ ऑगस्ट, शनिवार

आवाज नाही. कुजबुजसुद्धा नाही.

डॉक्टरांनी बॅटरी मारून घसा पाहिला. स्वच्छ आहे म्हणाले. विश्रांती घ्या.

मथुराबाईंनी माझ्या गळ्यावर हात ठेवला, बराच वेळ. मग पदर तोंडाला लावून खाली गेल्या. भट्टी आज पेटली नाही.

संध्याकाळी शिवांजलीचा मेसेज आला. फार खुशीत होती. गुराखी सांगतायत म्हणे, मुक्या खोऱ्यात एक बाई भाषण करते. 'तोंड उघडा' असं म्हणते. मॅडम, तुम्ही तिथं सराव करता का? आम्ही मैत्रिणी उद्या ऐकायला येतोय.

मी लिहिलं, जाऊ नका. तिनं लिहिलं, पण तुम्हीच म्हणालात गप्प बसायचं नाही, घाबरायचं नाही. मी लिहिलं, मी चुकले, जाऊ नका. तिनं हसरं तोंड पाठवलं. म्हणाली, काळजी करू नका, आम्हाला नियम ठाऊक आहे, तुमचं नाव घेणार नाही. फक्त मॅडम म्हणू.

शिवशरण सरांना मेसेज केला, पण तोवर नेट गेलं होतं. फोन लावला. लागला, ते हॅलो हॅलो म्हणत राहिले आणि मी इकडून तोंड उघडून —

बोलता येत नाही याचा अर्थ आज कळला.

२५ ऑगस्ट, रविवार. सकाळ

पोरी पोचायच्या आत मला कमानीवर उभं राहायचंय. हात पसरून वाट अडवीन. मथुराबाई घरात नाहीत. भट्टीवर कोळशानं लिहून ठेवलंय कुठं जातेय ते. त्यांना वाचता येत नाही, पण कुणाला तरी विचारतील.

जीपवाल्याला खुणेनं सांगितलं. त्यानंतर वाटभर त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.

तीच तारीख, दुपार

उशीर झाला. कमानीपाशी मुलींच्या स्कूटी. पायवाटेवर ओली पावलं, खाली जाणारी.

मी पळत उतरले. ओढा ओलांडायच्या अलीकडं घसरले. पाय मुरगळलाय. आता पाणी वाढलंय, तांबडं, मोठमोठी लाकडं घेऊन. पोरी पलीकडं आहेत. ढगात त्यांच्या ओढण्या मध्येच दिसतात, मध्येच जातात.

आणि तो चालू आहे.

माझा आवाज. समोरच्या उतारावरून. मिटलेल्या तोंडाचं दुखणं कुणाला कळत नाही. श्वास घ्यायची जागासुद्धा माझीच. मी खरंच चांगली बोलत होते. इतकी चांगली, की मीसुद्धा — क्षणभर — उठून तिकडं —

त्याच्याखाली दुसरा आवाज आहे, पुरुषाचा. भजन. फार जुना, थकलेला.

थोड्या वेळानं

शिवांजलीनं हाक मारली. मॅडम.

आवाज थांबला. भाषण मध्येच तुटलं. मग ओ आली. माझी ओ. ढिगाऱ्याखालची, लहान मुलीची नाही — आत्ताची, माझी, प्रेमळ. ओ, इकडं या गं पोरींनो.

कड्याच्या बाजूनं आली. जिथं कठडा नाही.

तिला वाटतं मॅडम हे नाव नाही. पोरी, या गावात मला दुसरं नाव होतंच कुठं —

मी हात हलवतेय. दिसत नाही. दगड फेकले, पाण्याच्या आवाजात कुणाला ऐकू — तोंड उघडते आणि नुसती हवा —

पुन्हा मॅडम.

पुन्हा ओ. आणखी लांबून. कड्याच्या पलीकडून. तिथं जमीन नाही.

पोरी वळल्या. हसतायत. ओढण्या चढावर

मी पाण्यात उतरतेय. वही कपारीत ठेवते.

एकट्या राहणाऱ्यांनो, ही वही तुमच्यापैकी कुणाच्या हाती लागली, तर सतरंजीवर बसवून ज्यांना मी एवढी बडबड ऐकवली त्या तुमच्याकडं एकच मागते. आम्हाला शोधायला याल तेव्हा हाक मारू नका. नावानं नाही, मॅडम नाही, पोरींनो नाही, कशानंच नाही. माझा आवाज ऐकू आला तर त्याच्याकडं पाठ करा. मथुराबाईंना पुढं घाला, तोंड मिटा, आणि मुक्यानं चालत या. सापडलो तर हाताला ध